सरकी पाहिली का?

मागच्या आठवड्यात आमच्या सीए ऑफिसात नवीन आलेल्या आर्टिकलने, म्हणजे हाताखाली शिकायला आलेल्या पोरीने, विचारलं, सर, टिक मारायची ती नक्की काय बघून मारायची? पोरगी पाचोऱ्याहून रोज रेल्वेने येते, हुशार आहे, आणि असे प्रश्न पहिल्या महिन्यातच विचारते, नंतर कोणी विचारत नाही. मी तिला पुस्तकातलं उत्तर दिलं. पुरेसा आणि योग्य पुरावा मिळाला की टिक, ऑडिटचं स्टँडर्ड ५०० वाच. तिने वहीत लिहून घेतलं, आणि मला आतल्या आत कसंतरीच झालं. कारण २००३ साली मी आर्टिकल होतो तेव्हा हे वाक्य मलाही तोंडपाठ होतं, आणि तरी मी एका थप्पीला फसलो होतो आणि एका भल्या माणसाला चोर ठरवायला निघालो होतो. त्या दोन गोष्टी तिला सांगायच्या होत्या पण तेवढ्यात जीएसटीवाल्या क्लायंटचा फोन आला आणि राहून गेलं. म्हणून इथे लिहितोय. गाव, माल, नावं, सगळं थोडं इकडचं तिकडे केलंय, ओळखायचा प्रयत्न करू नका.

पहिली गोष्ट डाळ मिलची. जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिल किती आहेत ते इथल्या माणसाला सांगायला नको. ३१ मार्च, दुपारचे तीन, डोक्यावर गोडाऊनचा तापलेला पत्रा, आणि मला एकट्याला स्टॉक मोजायला पाठवलेलं. मालक म्हणजे अगदी देवमाणूस. गेल्या गेल्या मठ्ठा, मग "आधी जेवून घ्या भाऊ, पोती कुठे पळून जातात का", मग शेवभाजी, त्यात तर्री अशी की खानदेशच्या बाहेरचा माणूस उठूनच जाईल, वर कांदा, लिंबू आणि गरम भाकरी. जेवल्यावर तो स्वतः माझ्यासोबत गोडाऊनमध्ये आला, पंखा माझ्याकडे फिरवला. मी मोजायला लागलो. मोठी थप्पी होती तुरडाळीची, लांबीला १२ पोती, रुंदीला ८, उंचीला १०. म्हणजे ९६०, ५० किलोचं पोतं, म्हणजे ४८० क्विंटल. मालकाच्या कागदावर पण ४८० क्विंटल! मी हिरव्या पेनने अशी झोकदार टिक मारली ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले, म्हणजे मी ज्यांच्या हाताखाली शिकत होतो ते सीए. सरांचं वय तेव्हा अठ्ठावन्न, गुडघे दुखायचे, तरी चप्पल काढून हमालाच्या खांद्याला धरून थप्पीवर चढले. वरून चालत मधोमध गेले आणि पाय आपटला, तर पोत्याचा आवाज नाही, लाकडाचा आवाज. वरचा थर बाजूला करायला लावला. खाली फळ्या आणि फळ्यांच्या खाली काहीच नाही. ६ बाय ४ चा चौकोन, खालचे ९ थर पोकळ. २१६ पोती नव्हतीच, १०८ क्विंटल हवा होती. कारण साधं होतं, बँकेची सीसी, म्हणजे मालाच्या तारणावर पाहिजे तेव्हा उचलायचं कर्ज, स्टॉकवर चालते, महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं, माल जास्त दिसला की पैसे जास्त उचलता येतात. देवमाणसाचा हात अडचणीत होता आणि तो अशाने सोडवत होता.

सर मला रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, तू काय मोजलंस? मी म्हटलं पोती. ते म्हणाले, नाही, तू थप्पीच्या बाहेरच्या बाजू मोजल्या आणि गुणाकार केलास, आतली पोती तू नाही मोजली, ती तू मानली. आणि का मानली? तर शेवभाजी चांगली होती म्हणून.

त्या दिवसापासून मी डबा घरून नेतो. क्लायंटला वाईट वाटतं, बायकोला त्रास होतो, पण नेतो.

या धंद्यात एक जुनं वाक्य फार फिरतं, ऑडिटर हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नाही. ते आलं कुठून तर इंग्लंडच्या एका कॉटन मिलच्या केसमधून, किंग्स्टन कॉटन मिल, साल १८९६. आपल्याकडे कापूसच कापूस म्हणून मला ती केस पहिल्यापासून जवळची वाटते. तिथल्या मॅनेजरने वर्षानुवर्षं कापूस आणि सुताचा साठा फुगवून दाखवला, ऑडिटरने मॅनेजरनेच सही केलेला दाखला घेतला आणि ताळेबंदात टाकला, स्वतः जाऊन पाहिलं नाही. कोर्ट म्हणालं, विश्वासातल्या जबाबदार माणसाचा दाखला घेतला, संशयाला कारण नव्हतं, ऑडिटरची चूक नाही. त्या काळी चाललं. मग १९३८ मध्ये अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स नावाच्या औषध कंपनीचं बाहेर आलं. तिचा प्रमुख दुसऱ्याच नावाने वावरणारा आणि आधी शिक्षा झालेला माणूस निघाला, आणि सुमारे ८.७ कोटी डॉलरच्या मालमत्तेतले १.९ कोटी डॉलर निव्वळ कागदावर होते, गोडाऊन नाहीत, माल नाही, येणं असलेले गिऱ्हाईकही नाही. त्यानंतर तिकडे नियमच झाला की माल मोजताना ऑडिटरने हजर राहायचं आणि उधारीची खात्री थेट देणेकऱ्याला विचारून करायची. आपल्या स्टँडर्ड ५०१ मध्येही तेच आहे, साठा महत्त्वाचा असेल तर मोजणीला जायचं. म्हणजे मी ज्या गोडाऊनला शेवभाजी खात होतो तिथे मला पाठवण्यामागे ६५ वर्षांपूर्वीचा अमेरिकेतला तो ठग होता, पण हे मला परीक्षेच्या अभ्यासात कळलं, गोडाऊनमध्ये नाही.

मोजणीला जाणं वेगळं आणि मोजणं वेगळं. आता मी पोरांना दोन्ही बाजूंनी चालायला लावतो. कागदावरची दहा नावं घ्या आणि तो माल गोडाऊनमध्ये शोधा, याने नसलेला माल पकडला जातो. मग उलटं, गोडाऊनमध्ये डोळ्यांसमोर दिसणारे दहा लॉट घ्या आणि ते कागदावर शोधा, याने कागदावर न घेतलेला माल पकडला जातो. पहिलं सगळे करतात, दुसऱ्याचा कंटाळा करतात. आणि निघताना शेवटचा बिल नंबर, गाडीच्या वजनाची शेवटची काटापावती, शेवटचा गेटपास, यांचे नंबर लिहून घ्यायचे. का ते पुढे कळेल.

पुराव्याची पण एक उतरंड असते. क्लायंटच्या तोंडी सांगण्यापेक्षा लेखी बरं, त्याने लिहिलेल्यापेक्षा बाहेरच्याने लिहिलेलं बरं, झेरॉक्सपेक्षा ओरिजिनल बरं, आणि सगळ्यात बरं ते जे आपण स्वतः पाहिलं, मोजलं, पुन्हा बेरीज करून बघितलं. हे सगळ्यांना माहिती असतं. पण बाहेरच्याने लिहिलेलं हे आपल्या हातात कोणत्या वाटेने आलं ते कोणी बघत नाही. एका क्लायंटकडे उधारीची पत्रं पाठवायची होती, तुमच्याकडे एवढी बाकी आहे ना असं विचारणारी, सात व्यापारी, इंदूर, अकोला, सुरत असे. पत्रं आम्ही तयार केली, क्लायंटचा पोरगा म्हणाला द्या इकडे, मी पोस्टातच चाललोय, तुम्ही कशाला उन्हात जाता. मे महिना, भुसावळची हवा, आम्ही दिली. पंधरा दिवसांत सातच्या सात उत्तरं आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर आली, सगळे आकडे जुळले, आम्ही खुश. मग आमच्या शिपायाने, ज्याला पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद होता, त्याने विचारलं, साहेब या सातही पाकिटांवर इथलाच शिक्का कसा? इंदूरचं पत्र इंदूरहून टाकायला पाहिजे ना. आमच्यापैकी तिघांनी ती पत्रं हातात घेतली होती, कोणी पाकीट पाहिलं नव्हतं, आकडा जुळला की पाकीट कोण बघतं? अजूनही कोणी विचारलं की ऑफिसमध्ये सगळ्यात चांगलं ऑडिट कोणी केलं तर मी त्या शिपायाचं नाव सांगतो.

सत्यम या कॉम्प्युटर कंपनीचं ७ जानेवारी २००९ ला फुटलं तेव्हा मला पहिल्यांदा ती सात पाकिटंच आठवली. तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या पत्रात होतं की पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. गोडाऊनमधला माल मोजायला थप्पीवर चढावं लागतं, बँकेतला पैसा तपासायला फक्त बँकेला विचारायचं असतं, थेट, आणि उत्तर पण थेट आपल्याकडे यायला पाहिजे. एवढं सोपं काम एवढ्या मोठ्या कंपनीत का अडलं यावर लोकांनी खूप लिहिलं. मला वाटतं कंपनी एवढी मोठी होती हेच अडचणीचं होतं. मोठ्या माणसाच्या कागदाकडे संशयाने पाहायला आपल्यालाच लाज वाटते.

आता दुसरी गोष्ट, ती जास्त त्रासदायक आहे, कारण तिच्यात मला कोणी फसवलं नाही.

जिनिंगची, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याची, ऑडिट होती. पहिल्याच दिवशी चहा पिताना मालक हळूच म्हणाला, मुनीमजींवर जरा लक्ष ठेवा, आजकाल लक्षणं ठीक दिसत नाहीत. झालं, एवढंच बोलला. मुनीमजी म्हणजे साठीकडे झुकलेला, धुळ्याकडचा, कमी बोलणारा, चहा विचारत नाही, रजिस्टर मागितलं तर टेबलावर आपटून ठेवणारा माणूस. मी मनात म्हटलं बरोबर आहे, याच्यात काहीतरी आहे.

जिनिंगचा हिशोब ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, खानदेशात तर बाजूला बसलेल्या कोणालाही विचारा. एक क्विंटल कापूस मशीनमध्ये घातला की साधारण ३४ किलो रुई निघते, ६४ च्या आसपास सरकी, म्हणजे कापसाचं बी, उरलेली घट, कचरा आणि ओल. रुईची गाठ १७० किलोची. म्हणजे १०० क्विंटल कापसाला २० गाठी. माल कसा आहे त्यावर उतारा वरखाली होतो, पावसात भिजलेला असेल तर रडगाणं वेगळं, पण ढोबळ हिशोब हाच. सुरुवातीचा ढीग अधिक आवक वजा शेवटचा ढीग, म्हणजे मशीनला गेलेला कापूस. मार्च महिन्याचा तो आकडा माझ्या हिशोबाने आला ३,००० क्विंटल. गाठी पाहिजेत ६००. होत्या ५४०. साठ गाठी गायब, १०२ क्विंटल रुई!

मला काय आनंद झाला होता तो आता सांगायची लाज वाटते. पुढचे तीन दिवस मी फक्त मुनीमजींच्या मागे होतो. गाठींचं डिलिव्हरी रजिस्टर, ट्रकचे नंबर, मुनीमजींच्या सहीची व्हाउचरं, त्यांच्या पुतण्याचं ट्रान्सपोर्ट आहे हे पण शोधून काढलं आणि वर्किंग पेपरमध्ये लाल पेनने लिहिलं. एका ट्रकचा नंबर नीट वाचता येत नव्हता, तो संशयास्पद. एका ठिकाणी खाडाखोड होती, ती तर फारच संशयास्पद. ज्या शंभर पानांवर सगळं नीट होतं त्यांच्याबद्दल मी एक ओळ लिहिली नाही. मधे एकदा मुनीमजी स्वतःहून म्हणाले होते की ३१ तारखेला गाड्या उभ्या होत्या. मी मान हलवली आणि लिहून घेतलं नाही. तोंडी बोलणं तर पुराव्याच्या उतरंडीत सगळ्यात खाली ना!

ड्राफ्ट घेऊन सरांकडे गेलो. सरांनी वाचला, चष्मा काढला. पुरावा काय? मी म्हटलं सर साठ गाठी कमी आहेत, आणि तो नीट उत्तर देत नाही, नजर चुकवतो. सर म्हणाले, नजर चुकवतो हे कोणत्या फाईलला लावू मी? आणि मग विचारलं, सरकी पाहिली का?

नव्हती पाहिली.

सरकी पाहिली. ३,००० क्विंटलला १,९२० क्विंटल पाहिजे होती, होती १,७२८. म्हणजे सरकी पण कमी, आणि त्याच मापात कमी. आता बघा, कोणी गाठी पळवल्या असत्या तर रुई कमी पडली असती, सरकी पूर्ण राहिली असती, चोर काय जाताना हिशोब जुळावा म्हणून सरकी पण मापून नेतो का. मग लाईट बिल काढलं, युनिट पण ५४० गाठींच्या मापाचेच जळले होते. म्हणजे ३०० क्विंटल कापूस मशीनमध्ये गेलाच नव्हता. मग तो होता कुठे? एक तर ढिगातून गेला, किंवा ढिगात आलाच नव्हता.

काटापावत्या माझ्याच फाईलमध्ये होत्या. झेरॉक्स काढून, वजनावर माझी हिरवी टिक मारून. काटापावतीवर दोन वजनं असतात आणि दोन वेळा असतात, भरलेल्या गाडीची एक, रिकाम्या गाडीची एक. पाच ट्रक ३१ मार्चला संध्याकाळी साडेसहा ते आठच्या मधे भरलेले काट्यावर चढले होते आणि रिकामे होऊन पुन्हा काट्यावर आले ते १ एप्रिलला सकाळी. ढिगाचं माप आम्ही घेतलं होतं ३१ च्या संध्याकाळी पाचला. सॉफ्टवेअरने पहिल्या वजनाची तारीख धरून खरेदी मार्चमध्ये टाकली, कापूस मात्र रात्रभर आवारात गाडीवरच. पाच गाड्या, साठ साठ क्विंटल. चौकीदाराच्या गेट रजिस्टरमध्ये पण तेच, गाडी आत कधी, खाली कधी, बाहेर कधी, वाकड्यातिकड्या अक्षरात पण स्वच्छ. म्हणजे गाठी कमी नव्हत्याच, मी शेवटच्या साठ्यात ३०० क्विंटल कापूस धरायला विसरलो होतो. चोर कोण असेल तर माझी मोजणी.

मुनीमजींना जाऊन सांगितलं. माफी वगैरे मागायचं धाडस नव्हतं, हिशोब जुळला एवढंच बोललो. त्यांनी रजिस्टर बंद केलं आणि म्हणाले, "मी तं सांगेल व्हतं साहेब, गाड्या उभ्या व्हत्यात. तुम्हीन लिखंच नही." मालकाचं आणि त्यांचं पोरीच्या लग्नासाठी मागितलेल्या उचलीवरून वाजलं होतं हे मला नंतर हमालांकडून कळलं. आणि नजर चुकवत होते कारण त्यांना मोतीबिंदू होता, खरंच सांगतो.

तर हे सगळं माझ्या डोक्यात शिरलं कुठून, तर चहाच्या कपासोबतच्या त्या एका वाक्यातून. यावर मानसशास्त्रवाल्यांचे प्रयोग आहेत. ट्वर्स्की आणि कानेमन यांनी १९७४ मध्ये लिहिलेला एक तर मजेशीर आहे. लोकांसमोर एक चक्र फिरवायचं, ते मुद्दाम असं बनवलेलं की १० वर थांबेल नाहीतर ६५ वर. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांमध्ये आफ्रिकी देश किती टक्के असतील, या आकड्यापेक्षा जास्त की कमी, आणि तुमचा अंदाज सांगा. ज्यांना १० दिसला त्यांचा मधला अंदाज २५ आला, ज्यांना ६५ दिसला त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काय संबंध? काही नाही. पण कानावर आकडा पडला की मन त्याच्या खुंट्याला बांधलं जातं, मग कितीही ओढा, दोरी तेवढीच.

तुम्ही म्हणाल ते साधे लोक, ऑडिटरचं तसं नसेल. तर जॉइस आणि बिडल या दोघांनी १९८१ मध्ये ऑडिटरांवरच केला. एका गटाला विचारलं की हजारात १० पेक्षा जास्त कंपन्यांत वरच्या अधिकाऱ्यांचा मोठा घोटाळा असेल का, दुसऱ्याला तेच पण हजारात २०० पेक्षा जास्त का. मग दोघांना म्हटलं आता तुमचा स्वतःचा अंदाज द्या. पहिल्यांचा सरासरी साडेसोळाच्या आसपास, दुसऱ्यांचा ४३. दोन्ही गटांत अनुभवी लोक, आपल्यासारखेच टिक मारणारे. मी हे वाचलं तेव्हा मला जरा बरं पण वाटलं, आपण एकटेच येडे नाही.

आमच्या कामात असा खुंटा रोज असतो, आणि तो म्हणजे मागच्या वर्षीची फाईल. पोरं आधी ती उघडतात. मागच्या वर्षी उतारा ३३.८ होता, या वर्षी ३३.६, टिक. अरे पण मागच्या वर्षीचा बरोबर होता हे कोणी सांगितलं? आता माझ्याकडे एक नियम आहे, क्लायंटचा आकडा बघायच्या आधी आपला अंदाज कागदावर पेनने लिहायचा. आवक एवढी, पाऊस असा, लाईट बिल एवढं, म्हणजे गाठी इतक्या पाहिजेत. मग त्याचा आकडा उघडायचा. स्टँडर्ड ५२० मध्ये अपेक्षा आधी ठरवा असं लिहिलेलंच आहे, पण पेन्सिलने लिहिलेली अपेक्षा आकडा बघितल्यावर आपोआप बदलते हे स्टँडर्डमध्ये नाही, ते मी सांगतो.

दुसरं म्हणजे सॅम्पल. आमच्या सरांना, एवढ्या थोर माणसाला, पण एक सवय होती, व्हाउचर तपासायला मे आणि ऑक्टोबरचीच फाईल मागायचे. का ते त्यांनाही माहिती नसेल. जळगावपासून चोपड्यापर्यंतच्या सगळ्या मुनीमांना हे पाठ होतं, मे आणि ऑक्टोबरच्या फाईली अशा सजवलेल्या असायच्या की आहेर द्यावा. हे मला एका रिटायर्ड मुनीमाने लग्नाच्या पंगतीत हसत हसत सांगितलं, आणि मी सरांना शेवटपर्यंत सांगू शकलो नाही. आता आम्ही कॉम्प्युटरकडून आकडे काढून घेतो, तो म्हणेल ते व्हाउचर. पोरं कुरकुर करतात की सर सगळ्या वर्षभराच्या फाईली काढाव्या लागतात. काढा ना मग.

कॉम्प्युटरलाही डोकं टेकवून मोकळं होता येत नाही हा. बेनफर्डचा नियम म्हणून एक आहे, नैसर्गिक आकड्यांच्या ढिगात पहिला अंक १ असण्याचं प्रमाण ३०.१ टक्के असतं आणि ९ असण्याचं जेमतेम ४.६. एका क्लायंटच्या रोख खर्चात ९ ने सुरू होणारे आकडे धो धो निघाले, ९,८००, ९,९००, ९,९५०. आमचा एक पोरगा नाचायला लागला, सर घोटाळा! मी म्हटलं बस खाली. एका माणसाला एका दिवशी दहा हजारांच्या वर रोख दिली की इन्कम टॅक्समध्ये तो खर्च सहसा नामंजूर होतो, हे गावातल्या पानवाल्याला पण माहिती आहे, मग बिलं नऊ हजार नऊशेचीच होणार. काही ठिकाणी एकच काम तोडून तीन दिवसांत टाकलं होतं, ते आम्ही लिहिलं. बाकीची बिलं मजुरांना आणि गाडीवाल्यांना फोन लावून, वहीशी जुळवून पाहिली, खरी होती. संशय हा तपासायला सुरुवात करायचं कारण आहे, तपास संपल्याची पावती नाही, हे मी त्याला सांगितलं, आणि सांगताना मला मुनीमजींचं मोतीबिंदूवालं तोंड दिसत होतं.

म्हणून फाईलच्या शेवटी आम्ही अजून एक पान लावतो. वर लिहिलेलं असतं, "आपण म्हणतोय ते चुकीचं असेल तर कुठे दिसेल?" पोरांनी याचं नाव सरकीचं पान ठेवलंय. गाठी चोरल्या म्हणता, मग सरकी कशी आहे? विक्री वाढली म्हणता, मग गाडीभाडं वाढलं का, बारदान जास्त लागलं का? सगळं ठीक आहे म्हणता, मग ठीक नसतं तर कोणत्या कागदावर डाग पडला असता, आणि तो कागद बघितला का? आणि चर्चेला बसलो की सगळ्यात लहान आर्टिकल आधी बोलतो, मी शेवटी. मी आधी बोललो तर नंतर सगळ्यांना तेच दिसतं, मी चार वेळा करून पाहिलंय.

एवढं करून सुद्धा एक गोष्ट सुटत नाही, आणि ती म्हणजे ओळख. कायद्याने लिस्टेड आणि ठरावीक मोठ्या कंपन्यांना ऑडिटर बदलावा लागतो, एकटा असेल तर पाच वर्षांनी आणि फर्म असेल तर दहा वर्षांनी. आमच्याकडच्या छोट्या पार्टनरशिप, डाळ मिल, केळीचे ग्रुप, यांना तसं काही नाही, वीस वीस वर्षं एकच माणूस. पोराच्या मुंजीला तोच, बापाच्या दहाव्याला तोच, आणि सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिटच्या रिपोर्टवर सही पण त्याचीच. मी रावेरकडच्या एका केळीवाल्याचं काम बारा वर्षं केलं. चांगला माणूस, काही गडबड नाही. पण या वर्षी लक्षात आलं की त्याच्या फाईलमध्ये मी गेली तीन वर्षं एकही प्रश्न लिहिलेला नाही. विक्रीच्या पट्ट्या बघायचो, वजन बघायचो, भाव बघायचो, पण बघायच्या आधीच मला माहिती असायचं की बरोबर आहे. म्हणून त्याचं काम पार्टनरकडे दिलं, ज्याने त्याला कधी पाहिलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन. भाऊ, काय चुकलं का आमचं? मी म्हटलं काहीच नाही चुकलं. मग दुसरा माणूस का? कोणी काही सांगितलं का तुम्हाला? मी म्हटलं नाही हो नाना, कोणी काही नाही सांगितलं. मला ते नीट सांगताच येईना, मी थप्पी सांगू का मुनीमजी सांगू. शेवटी तेच म्हणाले, बरं जाऊ द्या, तुमच्यात काय नियम असतील ते असतील, पण थंडीत बामणोदची वांगी आणतोय, शेतात भरीत आहे, तेवढ्याला तरी याल की नाही?

म्हटलं डिसेंबरमध्ये येतो, रिपोर्टवर सही झाली की. ते म्हणाले सही तर आता दुसराच करणार ना, मग तुम्हाला कशाची वाट बघायचीय? मी काही बोललो नाही. बायको म्हणाली, तेवढ्या दिवशी तरी डबा नको ना?